मागे पैसा कोणाचा? भागीदार, सावकार, जामीनदार, प्रायोजक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यात कुणी डाळ मिल टाकली, जिनिंग चालवायला घेतली किंवा लातुरात क्लास काढला, की पारावर पहिला प्रश्न येतो, ‘मागं पैसा कुणाचा हाय?’ उत्तरात कधी पाहुण्याचं नाव येतं, कधी आडत्याचं, कधी ‘टक्क्यावाल्या’चं. ही सगळी माणसं पैसा देणारीच. पण प्रत्येकाशी असलेला व्यवहार वेगळा, त्याला लागणारा कायदा वेगळा, आणि धंदा बसला तर भोगायचं तेही वेगळं. उद्योग उभा करताना दुसऱ्याचा पैसा घेणारे आणि देणारे, दोघंही जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

अशा पैसा लावणाऱ्याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

एकच शब्द नाही, आणि ते बरंच आहे. पैसा कशासाठी दिला त्यावर शब्द ठरतो.

परतीच्या बोलीवर आणि व्याजाने दिला तर देणारा धनको, घेणारा ऋणको. हे कोर्टाचे शब्द. देणाऱ्याचा तोच धंदा असेल तर तो सावकार. धंद्यातल्या नफ्या-तोट्यात वाटा घेऊन दिला तर भागीदार. कंपनीचे शेअर घेऊन दिला तर भागधारक किंवा गुंतवणूकदार. पैसा दिलाच नाही, फक्त ‘यानं नाही फेडलं तर मी फेडीन’ अशी सही केली, तर जामीनदार. जाहिरातीच्या बदल्यात दिला तर प्रायोजक. काहीच न मागता दिला तर देणगीदार. नाटक-सिनेमात पैसा घालणाऱ्याला आपण निर्माता म्हणतो, आणि त्याला मागून पैसा पुरवणारा वेगळा असेल तर तो फायनान्सर. भांडवलदार हा शब्द भाषणात आणि मोर्चात जास्त चालतो, व्यवहाराच्या कागदावर फारसा नाही. ‘पाठीराखा’ यात पैसा असेलच असं नाही, नुसता शब्दाचा आधारही असू शकतो. ‘तुमच्या पाठीशी आहे’ हे ऐकून कुणी मशीनचा अ‍ॅडव्हान्स भरू नये.

कागदावर ‘भागीदार’ लिहिलं की तो भागीदार झाला ना?

नाही. कोर्ट नाव बघत नाही, व्यवहार बघतं. भारतीय भागीदारी अधिनियम, १९३२ सांगतो की नुसता नफ्यात वाटा मिळतो म्हणून कोणी भागीदार होत नाही. पैसे उसने देणाऱ्याला व्याजाऐवजी नफ्याचा हिस्सा ठरवून दिला असेल, तरी तो धनकोच राहू शकतो. उलट ‘उसनवार’ असं लिहून माणूस रोज गल्ल्यावर बसत असेल, माल खरेदी ठरवत असेल, नफा आणि तोटा दोन्ही वाटून घेत असेल, तर देणेकरी त्यालाच भागीदार म्हणून कोर्टात खेचू शकतात.

ओळखायचं असेल तर तीन गोष्टी विचारा. धंद्यात तोटा आला तर याचं मुद्दल कमी होणार का? पैसा ठरावीक तारखेला परत द्यायचा आहे का? धंदा कसा चालवायचा यात याचा शब्द चालतो का? ‘दर महिन्याला ठरलेली रक्कम, तोटा झाला तरी’ असं असेल तर कागदावर काहीही लिहा, ते कर्ज आहे.

‘दोन टक्क्यानं घेतले’ म्हणजे वर्षाला किती?

इथे सगळ्यात जास्त गफलत होते. आपल्याकडे बोलीत टक्का म्हणजे महिन्याचा, शेकडा. दोन टक्के म्हणजे वर्षाला २४. तीन म्हणजे ३६. बँकेचे टक्के वर्षाचे असतात, त्यामुळे ‘बँक अकरा घेते, हा तीनच घेतो’ हा हिशेब साफ चुकीचा आहे.

त्यात ‘कापून देणं’ आलं की दर आणखी चढतो. एक लाख लिहून घेतात, पहिल्या महिन्याचं व्याज कापून हातात ९७,००० ठेवतात, व्याज मात्र लाखावर. रोजच्या वसुलीत तर आकडा कळतच नाही. दहा हजार लिहायचे, नऊ हजार द्यायचे, रोज शंभर रुपये असे शंभर दिवस. वाटतं, हजार रुपये तर जास्तीचे. पण मुद्दल रोज कमी होत जातं, म्हणजे शंभर दिवसांत सरासरी साडेचार हजारच वापरायला मिळतात. साडेचार हजारांवर शंभर दिवसांत हजार, हा दर वर्षाला साधारण ८० टक्के पडतो. चहाच्या गाड्यापासून मोबाईल दुकानापर्यंत कितीतरी धंदे यातच जिरले आहेत.

कायद्याने सावकार किती व्याज घेऊ शकतो?

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवानाधारक सावकारासाठी दर ठरवून दिले आहेत. शेतकऱ्याला तारणी कर्ज वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. शेतकरी नसलेल्याला तारणी १५, विनातारण १८. व्याज सरळ, चक्रवाढ नाही. शिवाय एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. जुन्या दामदुपटीच्या नियमाचाच हा धागा. म्हणजे ‘दोन टक्के’ हा गल्लोगल्ली सर्रास चालणारा दर परवानाधारकालाही घेता येत नाही.

परवाना सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयातून मिळतो. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद, ५०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि महत्त्वाचं म्हणजे, परवाना नसताना दिलेल्या अशा कर्जाच्या वसुलीचा हुकूमनामा कोर्ट देत नाही.

मग मित्राने किंवा मेव्हण्याने उसने दिले तर तो सावकार ठरतो का?

नाही. कायदा व्याजाने पैसे देण्याचा ‘व्यवसाय’ करणाऱ्याला लागू आहे. अडीअडचणीला एकदा दिलेली उसनवार, त्यावर थोडं व्याज ठरलं तरी, सावकारी होत नाही. पण तोच माणूस गावात दहा-पंधरा जणांना सतत व्याजाने देत असेल, वही ठेवत असेल, सह्या केलेले कोरे चेक गोळा करत असेल, तर ‘मी तर मदत केली’ हा बचाव टिकणं अवघड.

उसनवारीचा कागद नात्यातही करावाच. तारीख, रक्कम अंकी आणि अक्षरी, कोणत्या खात्यातून कोणत्या खात्यात गेली, परतीची तारीख, व्याज असल्यास वार्षिक दर, दोन साक्षीदार. मागणी होताच फेडायच्या वचनचिठ्ठीवर वसुलीच्या दाव्याची मुदत तिच्या तारखेपासून तीन वर्षं. ती संपण्याआधी ऋणकोने ‘एवढं देणं बाकी आहे’ असं लिहून सही दिली, तर त्या तारखेपासून पुन्हा तीन वर्षं. पाहुण्यात लाजेपोटी मुदत निघून जाते आणि नंतर वकिलाकडे गेल्यावर हात चोळत बसावं लागतं.

पैसा देणारा म्हणतो, ‘शेताचं खरेदीखत करून द्या, पैसे फिटले की परत करून देतो.’ द्यावं का?

देऊ नका. मराठवाड्यात जमिनी गेल्या त्या बऱ्याचदा याच वाटेने. कागद सांगतो ‘विकली’, तोंड सांगतं ‘तारण’. दहा वर्षांनी तोंडचा करार सांगणारा साक्षीदार राहत नाही आणि सातबारावर दुसऱ्याचं नाव लागलेलं असतं.

काही जण यावर तोड म्हणून ‘मुदत खरेदी’ सुचवतात. त्यात एक बारकावा आहे. परत करून देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली असेल तरच कायदा त्या व्यवहाराला सशर्त विक्रीचं गहाण मानतो. अट वेगळ्या बाँडवर लिहिली की मूळ दस्त सरळ विक्री म्हणून वाचला जातो. आणि नेमकी तीच वेगळ्या बाँडवर लिहून दिली जाते. तारण द्यायचंच असेल तर नोंदणीकृत गहाणखत करा.

झालं ते झालं, आता काय, असं विचारणाऱ्यांसाठी: सावकारीच्या व्यवहारात जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या कायद्याच्या कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या आधीच्या १५ वर्षांतले व्यवहार त्यात तपासले जातात. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर खरेदीखत अवैध ठरवून जमीन परत देण्याचा आदेश होऊ शकतो. अर्जासोबत खरेदीखताची प्रत, फेरफार, त्या काळात पैसे आल्या-गेल्याचे बँक उतारे, आणि जमीन आजवर तुमच्याच ताब्यात असेल तर पीकपाहणीच्या नोंदी जोडा. बाजारभावापेक्षा फारच कमी किमतीचं खरेदीखत आणि ताबा मात्र विकणाऱ्याचाच, हे जोड पुरावे चौकशीत उपयोगी पडतात. त्याच माणसाने गावात इतरांकडूनही अशीच खतं करून घेतली असतील तर त्यांच्याही नकला काढा.

कर्ज घ्यावं की भागीदार घ्यावा?

आकड्यात मांडून बघा. उदाहरण म्हणून दहा लाख रुपये धरू. एक पर्याय १५ टक्के व्याजाचं कर्ज, दुसरा ४० टक्के हिश्श्याचा भागीदार.

वर्षाला व्याजाआधीचा नफा दोन लाख झाला: कर्जात दीड लाख व्याज जाऊन तुम्हाला ५०,००० उरतात. भागीदाराला ८०,००० देऊन तुम्हाला एक लाख वीस हजार.

नफा आठ लाख झाला: कर्जात तुमचे साडेसहा लाख. भागीदारीत चार लाख ऐंशी हजार.

तीन लाख तोटा झाला: कर्जात व्याज धरून साडेचार लाखांचा खड्डा एकट्या तुमचा. भागीदारीत १ लाख २० हजार त्याचे, १ लाख ८० हजार तुमचे.

म्हणून ज्या धंद्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षं अंदाज येत नाही, पावसावर, आवकेवर किंवा बाजारभावावर सगळं अवलंबून, तिथे भागीदार परवडतो. ज्याचं गिऱ्हाईक बांधलेलं आहे, उदाहरणार्थ एखाद्या कारखान्याला ठरलेले सुटे भाग पुरवणं, तिथे कर्ज स्वस्त पडतं. दोन्हीचं कडबोळं करून ‘भागीदार, पण महिन्याला ठराविक व्याजही’ असं काही जण मागतात. ते मान्य करू नका. त्यात नफ्यात हिस्सा त्याचा आणि तोटा तुमचा.

मशीनचा पैसा मिळाला. धंदा सुरू करायला एवढं पुरतं ना?

लातूर-उदगीर पट्ट्यातल्या छोट्या डाळ मिलवरून सांगतो. रोज १० क्विंटल तूर भरडायची. तुरीचा भाव क्विंटलला ७,००० धरला तर रोज ७०,००० रुपयांची तूर लागते. आवक प्रामुख्याने जानेवारी ते मार्च, म्हणून महिन्याभराचा साठा हवा. डाळ विकल्यावर व्यापारी पैसा पंधरा-वीस दिवसांनी देतो. म्हणजे पन्नास दिवसांची तूर तुमच्या पैशात अडकली: ३५ लाख. मशीन-शेडपेक्षा कितीतरी जास्त. एका क्विंटलमधून डाळ निघते ती ७० ते ७५ किलो, बाकी चुनी, टरफल आणि घट. त्यामुळे भाव क्विंटलमागे दोन-तीनशेनं उतरला तरी साठ्यावरचा फटका मोठा बसतो.

अनेक मिल इथेच अडकतात. पैसा लावणारा मशीन बघायला येतो, फोटो काढतो, खूश होतो. मीटर लागतं, पूजा होते, आणि तूर घ्यायला पैसा नसतो. मग टक्क्याने उचलतात आणि व्याज डाळीच्या मार्जिनवर जातं. पैसा मागतानाच खेळतं भांडवल वेगळं लिहून मागा. तेवढा पैसा लावणारा नसेल तर पहिलं वर्ष शेतकऱ्यांची तूर भरडाईवर करून द्या. कमाई कमी, पण साठ्याची जोखीम तुमच्या डोक्यावर नाही.

भागीदारीपत्रात काय काय लिहायचं?

तयार नमुन्यात नावं भरून काम भागत नाही. काहीच लिहिलं नसेल तर कायदा नफा-तोटा समान वाटतो, मग एकाने दहा लाख आणले असोत की दुसऱ्याने एकच लाख. म्हणून प्रत्येकाचं भांडवल रुपयांत, नफ्याचं प्रमाण आणि तोट्याचं प्रमाण वेगवेगळं लिहा. काम करणाऱ्या भागीदाराचा पगार आधी की नफा आधी, हे लिहा. भांडवलावर व्याज द्यायचं असेल तर आयकरात १२ टक्क्यांपर्यंतच खर्च म्हणून धरलं जातं. बँक खात्यावर सह्या कोणाच्या. घरखर्चाला किती उचलायचं. जागा, अन्नपरवाना, जीएसटी नोंदणी कोणाच्या नावावर; फर्मचा पॅन वेगळा काढावा लागतो, एकाच्या वैयक्तिक नोंदणीवर चालवू नका.

सगळ्यात जास्त भांडण होतं ते बाहेर पडताना. ‘हिशेब करून देऊ’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणत्या तारखेच्या ताळेबंदावर, मालाचा भाव कोणता धरायचा, मशीनचा घसारा वजा करून की बाजारभावाने, आणि पैसा किती हप्त्यांत, हे आजच ठरवा. मृत्यूचं कलमही घाला. करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म विसर्जित होते, आणि दोनच भागीदार असतील तर एक गेल्यावर ती तशीही संपते. अशा वेळी वारसांना किती आणि कधी द्यायचं एवढंच उरतं.

फर्मची नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या फर्मला बाहेरच्यांवर करारातून आलेल्या हक्कासाठी दावा लावता येत नाही. व्यापाऱ्याने डाळीचे सहा लाख बुडवले आणि फर्म नोंदलेली नाही, तर कोर्टाचं दार तिथेच बंद. नोंदणी करूनच ठेवा.

मी फक्त पैसा लावणार, कामात नाही. स्लीपिंग पार्टनरला जबाबदारी कमी असते ना?

हा गैरसमज पैसा देणाऱ्यांच्या बाजूचा, आणि महागात पडणारा. भागीदारी फर्ममध्ये प्रत्येक भागीदार फर्मच्या सगळ्या देण्याला एकत्रितपणे आणि एकेकटाही जबाबदार असतो. पाच लाख लावले म्हणून जबाबदारी पाच लाखांवर थांबत नाही, घर-शेतापर्यंत येते. जोखीम लावलेल्या रकमेपुरती ठेवायची असेल तर मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी (२००८ च्या कायद्याखालची), किंवा खाजगी मर्यादित कंपनी करा. एलएलपीला दरवर्षी दोन विवरणं भरावी लागतात, धंदा शून्य असला तरी. उशीर झाला की दंड चढतो.

पैसा रोखीने घेतला तर?

कर्ज किंवा ठेव म्हणून २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेता येत नाही, परतही रोखीने देता येत नाही. मोडलं तर तेवढ्याच रकमेचा दंड. आधीची बाकी धरून मोजतात, म्हणून ‘पंधरा-पंधरा हजार तीनदा घेतले’ ही पळवाट नाही. अपवाद आहे: घेणारा आणि देणारा दोघांचंही उत्पन्न फक्त शेतीचं आणि दोघांपैकी कोणालाच करपात्र उत्पन्न नसेल तर. डाळ मिल सुरू झाली की हा अपवाद संपला.

कर वाचेल म्हणून ‘मित्राने मदत दिली’ असं दाखवणं त्याहून वाईट. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षात एकूण ५०,००० पेक्षा जास्त भेट मिळाली तर पूर्ण रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते.

‘एंजल’ म्हणजे कोण? आपल्या भागात मिळतात का?

हा शब्द न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरून आला. नाटकात पैसा घालणाऱ्या श्रीमंतांना तिथे एंजल म्हणत, पुढे तो नव्या उद्योगात स्वतःचा पैसा लावणाऱ्यांना लागला. एंजल शेअर घेतो, व्याज नाही. कंपनी वाढून शेअर महाग होईल आणि तेव्हा विकून मोकळं व्हायचं, हा त्याचा हिशेब. त्यामुळे जिथे वाढीला मर्यादा आहे, एक मिल किंवा एक हॉटेल, तिथे तो येत नाही. अपमान वाटून घेऊ नका, त्याचं गणित बसत नाही एवढंच.

छत्रपती संभाजीनगरात मॅजिक हे उद्योजकता केंद्र आहे, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातही इन्क्युबेशन केंद्र आहे. तिथे गेल्यावर पैशापेक्षा आधी ताळेबंद आणि कागद नीट होतात, आणि खरं तर तीच कमतरता असते. स्टार्टअपच्या शेअरवर बाजारभावापेक्षा जास्त रक्कम घेतल्यास लागणारा, ‘एंजल टॅक्स’ म्हणून ओळखला जाणारा कर २०२४ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला.

शेअर देताना खाजगी कंपनीला जाहिरात करून पैसा मागता येत नाही. ठरावीक व्यक्तींनाच प्रस्ताव द्यायचा, वर्षात २०० पेक्षा जास्त जणांना नाही. पैसा वेगळ्या बँक खात्यात घ्यायचा. ६० दिवसांत शेअर द्यायचे, नाहीतर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. कंपनीला मित्राकडून नुसतं ‘उसनं’ घेताही येत नाही, ते ठेव ठरतं. संचालकाकडून मात्र घेता येतं, ‘हा माझा स्वतःचा पैसा आहे, कर्जाऊ नाही’ असं त्याने लेखी दिलं तर.

आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे. पुण्याचा एक जण वीस लाख लावायला तयार आहे. शेअर द्यावेत का?

देताच येत नाहीत. उत्पादक कंपनीचा सभासद प्राथमिक उत्पादक किंवा उत्पादकांची संस्थाच असू शकते. तो शेती करत नसेल तर वीस लाखच काय, वीस हजारांचाही शेअर नाही. शिवाय मत शेअरवर नाही, सभासदाला एक. त्याच्याशी माल खरेदीचा करार करा, आगाऊ रक्कम घ्या, किंवा गोदाम त्याचं आणि भाडं तुमचं असं काही बसवा. केंद्राच्या १०,००० उत्पादक संघटनांच्या योजनेत नोंद असेल तर सभासदामागे २,००० पर्यंत आणि कंपनीमागे जास्तीत जास्त १५ लाख समभाग अनुदान आहे; पण ते सभासदांनी स्वतः भरलेल्या भागभांडवलाइतकंच मिळतं. सभासदांनी शंभर-शंभर रुपये भरून ठेवले की अनुदानही तेवढंच.

ऊसतोडीची उचल किंवा आडत्याची उचल, ही गुंतवणूक की कर्ज?

गुंतवणूक नाहीच. बीडच्या ऊसतोडीत पैसा कारखान्याकडून वाहतूक ठेकेदाराकडे, त्याच्याकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून कोयत्याकडे येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. ही आगाऊ मजुरी आहे, टनाप्रमाणे कापली जाते. हंगाम संपताना बाकी राहते ती पुढच्या वर्षावर टाकतात आणि तिथूनच अडकणं सुरू होतं. उचलीच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे कामाला जायला अडवलं तर ती वेठबिगारी ठरू शकते, १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. मुकादमाने स्वतःच्या नावावर पैसा उचलून पुढे वाटला असेल तर कोयता पळाल्यावर ठेकेदार त्यालाच धरतो, म्हणून मुकादमानेही प्रत्येक कोयत्याची पावती ठेवावी.

आडत्याच्या उचलीत ‘माल माझ्याच दुकानावर’ ही अट असते. व्याज लावलं नाही असं वाटतं. पट्टीवरचा भाव आणि त्याच दिवशीचा बाजार समितीचा भाव शेजारी ठेवून बघा, व्याज तिथे सापडेल.

जामीनदार म्हणून सही केली. पैसा माझ्या हाती आलाच नाही, मग मी कसा देणं लागतो?

कारण १८७२ च्या करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. बँकेने आधी कर्जदाराच्या मागे लागावं आणि मग तुमच्याकडे यावं असं बंधन नाही. पतसंस्थेने वसुली दाखला काढला तर त्यात जामीनदाराचंही नाव येतं आणि जप्तीही तुमच्यावर येऊ शकते. कर्ज थकलं की तुमचं सिबिल बिघडतं.

तुमच्या हातातले दोन हक्क लक्षात ठेवा. तुम्हाला न विचारता कर्जाच्या अटी बदलल्या, म्हणजे रक्कम वाढवली किंवा वेगळा करार केला, तर त्यानंतरच्या व्यवहारातून तुम्ही सुटू शकता. आणि तुम्ही फेडलं तर कर्जदाराकडून वसूल करण्याचा, बँकेकडचं तारण मागण्याचा हक्क तुमच्याकडे येतो. सही करताना मंजुरीपत्राची प्रत घ्या. बहुतेक जण घेत नाहीत.

जामीनदार नसेल तर बँक कर्ज देतच नाही का?

सूक्ष्म-लघु उद्योगाला ठरावीक रकमेपर्यंत बँकेने तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यावरच्या कर्जाला सीजीटीएमएसईची, म्हणजे लघुउद्योगांच्या कर्जाला हमी देणाऱ्या सरकारी न्यासाची, हमी घेता येते, त्याची फी भरावी लागते. मुद्रा योजनेत शिशु ५० हजार, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि तरुण फेडून झालेल्यांना २० लाखांपर्यंत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, अनुदान प्रवर्ग आणि गाव-शहर पाहून १५ ते ३५ टक्के, स्वतःचे ५ ते १० टक्के. अनुदान आधी हातात येत नाही, तीन वर्षं बँकेत अडकून राहतं. त्याच्या भरवशावर कुणाला तारीख देऊ नका.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून गावातल्या पन्नास जणांकडून ‘महिना तीन टक्के परतावा’ म्हणून पैसा गोळा केला तर?

तुरुंगात जाण्याचा सरळ रस्ता. २०१९ चा अनियंत्रित ठेव योजना प्रतिबंध कायदा आणि महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदार संरक्षण कायदा, दोन्ही लागू शकतात आणि मालमत्ता जप्त होते. धंदा खरा होता, हेतू चांगला होता, हे नंतर कोणी ऐकत नाही.

सप्ताहाला, कुस्तीच्या दंगलीला किंवा गणपतीला पैसा देणारा देणगीदार की प्रायोजक?

बदल्यात काय मिळालं ते बघा. फलकावर ‘सौजन्य’ म्हणून दुकानाचं नाव, फोन नंबर, मंडपात कमान असेल तर तो प्रायोजक. दुकानदार हा खर्च जाहिरात म्हणून वहीत घालू शकतो, पावतीवर तसं लिहून घ्यावं. पंगतीचा अन्नदाता किंवा गुप्तदान करणारा देणगीदार. करसवलतीची पावती हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता हवी, आणि २,००० पेक्षा जास्त रोख देणगीला ती सवलत मिळत नाही.

सगळं फेडलं. आता काय करायचं?

‘पूर्ण रक्कम मिळाली, बाकी नाही’ अशी तारीखवार सहीची पावती घ्या. वचनचिठ्ठी मूळ प्रत परत घ्या, तिच्यावर आडवी रेघ मारून ‘फेड झाली’ लिहून जपून ठेवा. सुरक्षेसाठी दिलेले कोरे चेक नंबर पाहून मोजून घ्या. एखादा ‘सापडत नाही’ म्हणाले तर त्या चेकचं पेमेंट थांबवायचं पत्र त्याच दिवशी बँकेला द्या आणि पोच घ्या. राहिलेला चेक कोणी वटवायला टाकून परत आलाच, तर धनकोने तुम्हाला ३० दिवसांत नोटीस द्यायची असते, आणि ती मिळाल्यापासून तुमच्याकडे १५ दिवस असतात. त्या नोटिशीला पावतीची प्रत जोडून वकिलामार्फत उत्तर द्या, गप्प बसू नका.

गहाणखत असेल तर परतफेडीचा दस्त नोंदवून घ्या. बँकेकडून बेबाकी प्रमाणपत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्या आणि सातबाराच्या इतर हक्कातला बोजा कमी झाल्याचा फेरफार मंजूर होईपर्यंत पाठपुरावा करा. हे न केल्यामुळे पुढच्या पीककर्जाच्या वेळी जुनाच बोजा दिसतो आणि पुन्हा पहिल्या बँकेच्या शाखेत चकरा माराव्या लागतात, तोवर तिथला साहेब बदललेला असतो.